कार्ड देण्याआधी एकदा पाइप चिरून बघा

प्रति,
शीतकरण आणि वातानुकूलन तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम ठरवणारी, परीक्षा घेणारी आणि प्रमाणपत्रं देणारी सर्व मंडळं

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी एसी-फ्रिजचा मेकॅनिक आहे. हेल्पर म्हणून खांद्यावरून सिलिंडर वाहण्यापासून सुरुवात केली. आज हाताखाली पोरं आहेत आणि अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावणंही येतं. हे पत्र मी आपल्या कार्यालयात दिलं असतं तर त्याच्यावर आवक क्रमांक पडला असता आणि ते फायलीत जाऊन बसलं असतं. म्हणून उघड लिहितो आहे. शिवाय ज्यांच्या भिंतीवर आम्ही ही यंत्रं टांगतो, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

निमित्त ताजं आहे. मी ज्या मंडळासाठी परीक्षक म्हणून काम करतो, त्याने कळवलं की ज्वलनशील गॅसच्या प्रमाणपत्रासाठी यापुढे प्रात्यक्षिक होणार नाही. उमेदवाराने चित्रफिती पाहायच्या, बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, आणि पास झाला की प्रमाणपत्राचं कार्ड मोबाइलवर येईल. कारण काय, तर उमेदवार फार, वर्कशॉप कमी आणि 'प्रक्रियेचं सुलभीकरण'. मंडळाचं नाव घेत नाही, कारण हा विचार त्या एकट्याचा नाही. बऱ्याच ठिकाणी तो आधीच रुजलेला आहे.

प्रात्यक्षिकात काय दिसतं ते आधी सांगतो. निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जण वर्कशॉपच्या बाकाशी उभे राहिले असतील, याबद्दल मला शंका आहे.

तांब्याच्या दोन नळ्या ब्रेझिंग करून, म्हणजे टॉर्चच्या आचेवर धातूचा रॉड वितळवून, जोडायला देतो. लेखी परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो: ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजन का सोडतात? आतून ऑक्साइड धरू नये म्हणून. हे उत्तर बहुतेकांना येतं. मग तोच उमेदवार बाकावर येतो. नायट्रोजनचं सिलिंडर शेजारी उभं, रेग्युलेटर लावलेला, नळी जोडून तयार. आणि तो सरळ टॉर्च पेटवतो. जोड बाहेरून सुरेख येतो. रॉड चहूकडे सारखा फिरलेला, कुठे थेंब लोंबत नाही. मी हॅकसॉ घेतो, नळी उभी चिरतो आणि त्याच्या हातात देतो. आत काळंकुट्ट. नखाने खरवडलं की पापुद्रे सुटतात. चालू यंत्रात हेच पापुद्रे तेलाबरोबर फिरत जाऊन कॅपिलरीच्या (केसासारख्या बारीक नळीच्या) तोंडाशी नाहीतर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत बसतात. कूलिंग पडतं. मग दुसरा कुणी मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, 'गॅस कमी झालाय.' गॅस कमी झालेला नसतोच.

काही जण नायट्रोजन सोडतात, पण रेग्युलेटर इतका उघडतात की वितळलेला रॉड फुंकला जाऊन जोडाला भोकं पडतात. मग किती सोडायचा? नळीचं तोंड गालाजवळ धरलं तर जेमतेम झुळूक लागेल इतका. हे आपण कुठल्या पर्यायात लिहिणार, अ मध्ये की ड मध्ये?

लेखी परीक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. एसीतला आर-४१०ए हा गॅस म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ या दोन गॅसचं निम्म्या-निम्म्याचं मिश्रण आहे, म्हणून ते सिलिंडरातून द्रवरूपात घ्यायचं, हे कागदावर विचारता येतं आणि विचारावंच. सुपरहीट आणि सबकूलिंगचं, म्हणजे गॅस उकळल्यावर आणखी किती तापला आणि द्रव झाल्यावर आणखी किती थंडावला याचं, गणित कागदावर घालता येतं. यंत्रातून काढलेला गॅस ज्यात साठवतात ते रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचं नाही, हेही विचारता येतं. माझा आक्षेप एवढाच, की हात न बघता दिलेल्या कागदाला आपण कौशल्याचं प्रमाणपत्र म्हणता.

आता तक्रारी एकेक सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ज्वलनशील गॅसची. इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले गॅस वापरले जात. गळती झाली की माणसं दगावत. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पेटणारे, विषारी नसलेले सीएफसी गॅस पुढे आणले आणि जगाने सुटकेचा श्वास सोडला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की हेच गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात. मग १९८७ चा मॉन्ट्रियल करार आला, आणि २०१६ मध्ये त्यालाच किगालीची दुरुस्ती जोडली गेली. कारण ओझोनला धक्का न लावणारे नवे एचएफसी गॅस पृथ्वी तापवण्यात पटाईत निघाले. आर-४१०ए चं एक किलो हवेत सोडलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात ते सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं पडतं.

त्यामुळे जग आता आर-३२ कडे, आर-२९० कडे, आर-६००ए कडे चाललं आहे. पृथ्वीच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोन्ही ए३ वर्गातले, म्हणजे सहज पेटणारे. आर-३२ हा ए२एल, हळू पेटणारा, पण पेटणाराच. आर-१२ आणि आर-२२ या न पेटणाऱ्या गॅसच्या काळात मेकॅनिकच्या हलगर्जीपणाचा फटका बहुतेक वेळा हवेला बसायचा. आता तो मेकॅनिकला आणि घरातल्या माणसांना बसू शकतो.

जरा हिशेब करून बघा. प्रोपेन हवेत घनमीटरमागे साधारण ३८ ग्रॅम झाला की ठिणगीची वाट बघतो. म्हणजे ३०० ग्रॅमचा चार्ज (यंत्रात भरलेला गॅस) आठेक घनमीटर बंद जागेत गळून पसरला, तर ती जागा पेटण्याच्या हद्दीवर आली. तसा तो सारखा पसरतही नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो फरशीलगत साचतो, आणि तिथे चार्ज त्याहून कमी असला तरी धोका उभा राहतो. म्हणून गळती शोधणारा डिटेक्टर खाली धरायचा असतो, छातीच्या उंचीवर नाही. यंत्र उघडण्याआधी गॅस काढून घ्यायचा, मग नायट्रोजन फिरवायचा, व्हॅक्यूम घ्यायचा, पुन्हा नायट्रोजन. त्यानंतरही जुना जोड टॉर्चने सोडवायचा नाही, पाइप कटरने कापायचा. रिकव्हरी मशीनसुद्धा ज्वलनशील गॅससाठी बनवलेलंच लागतं. साध्या मशीनच्या स्विचमधली ठिणगी पुरेशी आहे.

हा क्रम पाठ म्हणून दाखवणारे मी पाहिले आहेत. आणि पाठ म्हणून झाल्यावर सवयीने टॉर्चकडे गेलेला हातही पाहिला आहे. वर्षानुवर्षं न पेटणाऱ्या गॅसवर काम केलेल्या माणसाचा हात असाच जातो. तो हात वर्कशॉपमध्ये, परीक्षकासमोर अडला पाहिजे. चित्रफीत त्याला अडवणार नाही. आणि आपण प्रात्यक्षिक काढून टाकलं, ते नेमकं याच विभागातलं.

दुसरी तक्रार, एकदा दिलेलं कार्ड मरेपर्यंत चालतं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे स्वच्छ हवा कायद्याच्या ६०८ व्या कलमाखाली १९९४ पासून तंत्रज्ञांना प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्या परीक्षेच्या प्रत्येक विभागात २५ बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रात्यक्षिक नसतं आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. म्हणजे आर-१२ च्या जमान्यात पास झालेला माणूस आजही कागदोपत्री तितकाच लायक. युरोपीय संघाने दुसरी वाट धरली. तिथल्या नियमांत कुठलं कौशल्य लेखी तपासायचं आणि कुठलं हाताने करून घ्यायचं, हे वेगवेगळं नमूद केलेलं आहे. २०२४ च्या नव्या नियमाने दर सात वर्षांनी उजळणी किंवा फेरतपासणी सक्तीची केली आणि हायड्रोकार्बन (प्रोपेन, आयसोब्युटेनसारखे), अमोनिया, कार्बन डायऑक्साइड या गॅसनाही प्रमाणपत्राच्या कक्षेत आणलं. तिथे सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण दोन नमुने समोर असताना आपण सोपा तेवढा का उचलला?

कार्बन डायऑक्साइडचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तो पेटत नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. ३१ अंशांच्या वर त्याचा द्रव होतच नाही, आणि अशा वेळी यंत्रातला दाब ९० बार, १०० बार, कधी त्याच्याही वर जातो. जुन्या गेजवर आणि जुन्या होजवर हे काम करायला जाणारा माणूस धाडसी नसतो, अडाणी ठेवलेला असतो. कुणी ठेवला, हा प्रश्न आपल्यासाठी.

तिसरी तक्रार उलट्या बाजूची आहे आणि ती मला जास्त लागते. ज्यांचे हात उत्तम आहेत, त्यांना आपण बाहेर ठेवता. माझ्या ओळखीतला एक जुना मेकॅनिक आहे. शाळा अर्धवट सुटलेली. व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवरचा आकडा ५०० च्या खाली गेला की तो व्हॅक्यूम पंप बंद करून गेजकडे बघत बसतो. आकडा थोडा चढला आणि थांबला, तर म्हणतो, 'आत ओल आहे, अजून ओढू दे.' चढतच राहिला तर उठतो, नायट्रोजनचा दाब भरतो आणि साबणाचं पाणी घेऊन फ्लेअर (नळीचं तोंड पसरवून नटाने कसलेले जोड) तपासायला लागतो. कार्डवाले कित्येक जण पंप घड्याळाकडे बघून चालवतात, गेज लावतच नाहीत. पण हा माणूस आपल्या परीक्षेत नापास आहे. कारण प्रश्नपत्रिका त्याला न येणाऱ्या भाषेत, संगणकाच्या पडद्यावर, वेळ लावून. 'खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही' अशा प्रश्नात आपण त्याचं गॅसचं ज्ञान तपासत नाही, वाक्य सोडवण्याचं कसब तपासता.

त्यामुळे होतं असं, की वाचता येणारा नवखा पुढे जातो आणि काम येणारा जुना त्याच्या हाताखाली 'विनाप्रमाणपत्र मदतनीस' म्हणून नोंदला जातो. पगारही तसाच मिळतो. काम मात्र कोण कोणाला शिकवत असतं, ते साइटवर येऊन बघा.

चौथी तक्रार: कार्ड कुणी विचारतच नाही. गॅस विकणारा बहुधा विचारत नाही, यंत्र बसवून घेणारी कंपनी विचारत नाही, गिऱ्हाइकाला तर असं काही असतं हेच माहीत नसतं. अमेरिकेच्या नियमात एक गोष्ट चांगली आहे, ती म्हणजे ठरावीक गॅस प्रमाणित तंत्रज्ञालाच विकायचा. विक्रीच्या टेबलावर अडवलं की बाहेर बरंच काही आपोआप सुधारतं. जिथे तसं नाही, तिथे कार्ड काढणारा मूर्ख आणि न काढणारा शहाणा ठरतो. तीच कथा रिकव्हरीची. गॅस हवेत सोडू नये हे परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पण रिकव्हरी मशीन कुणाकडे असतं? ठेकेदार देत नाही, मेकॅनिकला स्वतःला घेणं परवडत नाही, आणि काढलेला गॅस जमा कुठे करायचा, तर जागा नाही. मग सर्व्हिस व्हॉल्व्ह उघडतो, हिस्स होतं, आणि दोन मिनिटांत काम 'सुटसुटीत' होतं. दोष देताना मात्र बोट मेकॅनिककडे.

पाचवी तक्रार थोडक्यात. आमच्या धंद्यातली माणसं गॅसपेक्षा उंचीवरून पडण्याला आणि विजेच्या झटक्याला जास्त धास्तावलेली असतात. आउटडोअर युनिट कठड्याच्या पलीकडे असतं आणि ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्ट कसायचा असतो. वीज तोडल्यावरही वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहतो. आपल्या अभ्यासक्रमात या दोन गोष्टींना मिळून किती जागा आहे, ते आपणच उघडून बघा. तसंच दाबाच्या चाचणीला चुकूनही ऑक्सिजन वापरू नये, कारण तो कॉम्प्रेसरच्या तेलाशी भिडला की स्फोट होतो. आणि पंप डाउन करताना, म्हणजे गॅस ओढून आउटडोअर युनिटमध्ये कोंडताना, लाइन उघडी राहून हवा आत ओढली गेली तर तेल आणि हवा आतल्या आत पेटून कॉम्प्रेसर फुटू शकतो. या गोष्टी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या सूचनांत घालण्यासारख्या नाहीत.

आता आपल्या बाजूचं. वर्कशॉप कमी आहेत हे मला मान्य आहे. पण एका बाकाला लागतं काय? एक स्प्लिट युनिट, नायट्रोजन, टॉर्च, व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज, वजनकाटा, डिटेक्टर, रिकव्हरी मशीन आणि एक जाणता माणूस. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत हे सगळं पडून असतं. नव्या गॅसची यंत्रं त्या विकणार, नफा त्या घेणार, तर परीक्षेसाठी बाक त्यांनी का देऊ नये? फक्त परीक्षक त्यांचा नको. ज्याचा माल, त्याचाच परीक्षक झाला तर परीक्षा म्हणजे जाहिरात होईल. उमेदवार फार आहेत, या सबबीला मात्र माझ्याकडे सहानुभूती नाही. फार आहेत म्हणूनच तर तपासायचे.

आमच्याकडे बघण्याची एक नजर असते, तिच्याबद्दलही एकदा बोलून टाकतो. एसीवाला म्हणजे फिल्टर धुणारा आणि गॅस मारणारा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं होतं की जगातली जवळपास दहा टक्के वीज एसी आणि पंख्यांवर खर्च होते. त्यातली किती सत्कारणी लागते आणि किती फुकट जाते, हे बऱ्याच अंशी आम्ही लावलेल्या जोडांवर आणि भरलेल्या चार्जवर अवलंबून आहे. वजनकाटा न लावता, नुसते अँपिअर बघून गॅस भरलेलं यंत्र थंड करतं, पण बिल वाढवतं. गिऱ्हाइकाला ते कधी कळत नाही. त्याच्या वतीने हे तपासणं हेच तर आपलं काम होतं.

मागण्या अशा:

ज्वलनशील गॅसच्या प्रमाणपत्राचं प्रात्यक्षिक रद्द करण्याचा निर्णय मागे घ्यावा. जिथे असा निर्णय आधीच लागू झाला आहे, तिथे त्या काळात दिलेली कार्डं तात्पुरती समजावीत आणि त्या तंत्रज्ञांना पुन्हा फी न लावता प्रात्यक्षिकाला बोलवावं.

प्रात्यक्षिकात निदान पाच कामं परीक्षकाच्या डोळ्यांसमोर व्हावीत: नायट्रोजन सोडून ब्रेझिंग आणि नंतर नळी चिरून तपासणी, फ्लेअर करून टॉर्क पान्याने कसणं, नायट्रोजनने दाबाची चाचणी, मायक्रॉन गेज लावून व्हॅक्यूम आणि तो धरतो की नाही याची पाहणी, आणि रिकव्हरी करून वजनाने पुन्हा चार्ज. ए३ साठी याच्या जोडीला यंत्र सुरक्षितपणे उघडण्याचा पूर्ण क्रम.

अनुभवी मेकॅनिकसाठी वेगळी वाट ठेवावी. लेखी भाग त्याच्या भाषेत, हवा तर तोंडी. प्रात्यक्षिकात मात्र कुणालाच सूट नको, त्यालाही नाही.

प्रमाणपत्राला मुदत असावी आणि उजळणीच्या दिवसाचा पगार मालकाने द्यावा. रोजावर काम करणाऱ्या माणसाची रोजी बुडवून त्याला सुरक्षितता शिकवता येत नाही.

कार्ड पाहिल्याशिवाय गॅस विकला जाऊ नये, यासाठी आपण सरकारांकडे लेखी आग्रह धरावा. काढलेला गॅस जमा करण्याची केंद्रं नसतील, तर ती नाहीत हे तरी आपल्या अहवालात लिहावं.

आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत हातात पाना धरणारी माणसं असावीत. एखादा नव्हे, निम्मे.

परीक्षक म्हणून माझ्यापुरतं सांगतो. ज्या उमेदवाराला मी काम करताना पाहिलेलं नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही. यामुळे माझं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं जाईल, याची कल्पना आहे. या पत्राचं उत्तर मला खासगीत नको, जाहीर द्यावं. ज्यांच्याकडे हे कार्ड आहे आणि ज्यांच्या घरी हे कार्डवाले जातात, त्या दोघांनाही ते वाचता आलं पाहिजे.

कळावे,
आपला,
एक एसी मेकॅनिक